जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडणुका (१८८४ ते १९६२): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आमचे पणजोबा लोकल बोर्डाचे मेंबर होते’ असे सांगणारी घरे पश्चिम महाराष्ट्रात, खानदेशात आणि कोकणात अजून बरीच आहेत. पण ते निवडून आले होते की सरकारने नेमले होते, त्यांना मते कुणी दिली आणि त्या वेळी गावातल्या किती जणांना मत होते, असे विचारले की बोलणे थांबते. जिल्हा परिषदेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९६२ पासून सुरुवात करतात. त्याआधीच्या जवळजवळ ऐंशी वर्षांतल्या निवडणुका त्यामुळे कुणाच्या खिजगणतीत नसतात. ग्रामीण भागात मत म्हणजे काय, ते कुणाला असावे आणि कुणाला नाकारावे, हा झगडा मात्र त्याच वर्षांत झाला. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

जिल्हा लोकल बोर्ड म्हणजे नेमके काय होते?

मुंबई इलाख्यात जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी संस्था. रस्ते, मोऱ्या, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, देवी टोचणे, कोंडवाडे, नदीवरच्या होड्यांचे मक्ते आणि प्राथमिक शाळा ही तिची कामे. नगरपालिका असलेली गावे आणि लष्करी छावण्या तिच्या हद्दीबाहेर होत्या. खेड्यापाड्यांत अजूनही एखाद्या जुन्या दगडी इमारतीला ‘बोर्डाची शाळा’ किंवा ‘लोकल बोर्डाचा दवाखाना’ म्हणतात, ते हेच बोर्ड.

१८८४ च्या आधी काही होते का?

होते, पण तिथे निवडणूक नव्हती. १८६० च्या दशकात जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा अशी पट्टी बसली आणि १८६९ च्या लोकल फंड कायद्याने तिला पक्के रूप मिळाले. तिचे दोन भाग रस्त्यांना आणि एक भाग शाळांना, अशी वाटणी होती. हा पैसा खर्च करायला कमिट्या होत्या. त्यांत कलेक्टर, प्रांत (प्रांताधिकारी), मामलेदार, बांधकाम खात्याचा अधिकारी आणि शाळाखात्याचा अधिकारी बसत. त्यांच्या जोडीला एखादा इनामदार आणि काही जमीनदार असत, तेही सरकारने नेमलेले. पट्टी सगळ्या शेतकऱ्यांकडून घ्यायची आणि ती कुठे खर्चायची हे मात्र साहेबाने ठरवायचे, असा हा मामला होता.

निवडणुका कशामुळे सुरू झाल्या?

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. स्थानिक संस्थांत बिनसरकारी सभासद बहुसंख्य असावेत, शक्य तिथे ते निवडून यावेत आणि त्यांच्या डोक्यावर सरकारी अध्यक्ष नसावा, असे त्याचे सांगणे होते. कारभार थोडा कमी नीट चालला तरी चालेल, पण लोकांना राजकीय शिक्षण मिळाले पाहिजे, ही भूमिका त्यात स्पष्ट आहे. ठराव मुळातून वाचण्याजोगा आहे.

त्यानंतर मुंबई सरकारने १८८४ चा लोकल बोर्ड कायदा केला. प्रत्येक तालुक्याला तालुका लोकल बोर्ड, त्याच्या वर जिल्हा लोकल बोर्ड, आणि दोन्हींत काही सभासद निवडलेले, काही नेमलेले. मात्र रिपन यांचे अर्धेच ऐकले गेले, कारण जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर कलेक्टर आणि तालुका बोर्डाच्या खुर्चीवर प्रांत बसला.

जिल्हा बोर्डासाठी लोक थेट मतदान करत होते का?

सुरुवातीच्या रचनेत नाही. तालुका बोर्डे आपला प्रतिनिधी जिल्हा बोर्डावर पाठवत. म्हणजे कुळवाडी शेतकरी आणि जिल्हा बोर्ड यांच्यामध्ये निदान एक पायरी होती आणि त्या पायरीवर पाटील, इनामदार आणि वकील उभे असत. घरात १८९० किंवा १९०० च्या सुमाराचा ‘मेंबर’ असल्याची आठवण असेल, तर तो आजच्या अर्थाने मत मागत दारोदार फिरला असेल असे समजू नये. तेव्हाचा मतदारवर्ग इतका लहान होता की सगळे एकमेकांना नावाने ओळखत.

यावर त्या काळी कुणी आक्षेप घेतला होता का?

हो, आणि तोही अगदी सुरुवातीलाच. रिपन यांचा ठराव निघाला त्याच वर्षी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. लोकल फंडाचा पैसा रयतेच्या घामाचा असताना तिच्या मुलांच्या शिक्षणावर तो पुरेसा खर्च होत नाही, ही त्यांची तक्रार होती. या फंडाचा निदान अर्धा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. लोकल फंडाच्या कमिट्यांत पाटील, इनामदार, सरदार अशी मंडळी भरलेली असतात आणि त्यांना या पैशावर समंजस देखरेख करता येणार नाही, असेही त्यांनी बजावले.

माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाचा प्रश्न या निवेदनातच मांडलेला आहे. साहेबाच्या हातून अधिकार काढायचा हे ठीक, पण तो द्यायचा कुणाच्या हाती? रिपन यांच्या ठरावाचे कौतुक करताना फुल्यांचा हा आक्षेप वगळला जातो, याचे मला वाईट वाटते.

लोकमान्य टिळकांचा लोकल बोर्डांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १८९२ च्या कायद्यानंतर प्रांतिक कायदे कौन्सिलात काही जागा अप्रत्यक्ष निवडीने भरू लागल्या आणि त्यांतल्या काही लोकल बोर्डांच्या वाट्याला आल्या. मध्य विभागातल्या जिल्हा लोकल बोर्डांच्या जागेवरून टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. मध्य विभाग म्हणजे खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सातारा आणि सोलापूर. त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली आणि कौन्सिलातले काम संपले.

त्यामुळे त्या काळी लोकल बोर्डाच्या सभासदाच्या मताला दुहेरी किंमत होती. एका हाताने तो मोऱ्या आणि धर्मशाळा मंजूर करी, दुसऱ्या हाताने इलाख्याच्या कौन्सिलात कोण बसेल हे ठरवी.

कलेक्टर अध्यक्षपदावरून कधी गेले?

एका दिवसात नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना जिल्ह्याच्या कारभारात लोकांचे म्हणणे यावे यावर भर दिला होता. १९१९ च्या मॉंटेग्यू–चेम्सफर्ड सुधारणांनंतर, १९२१ पासून, स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले आणि १९२३ च्या नव्या कायद्याने बोर्डाने आपल्यातूनच अध्यक्ष निवडण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या बातम्यांत ‘प्रेसिडेंट, डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड’ असा उल्लेख असेल तर आधी साल पाहावे. साल १९२३ नंतरचे असेल तर तो गृहस्थ निवडून आलेला असण्याची शक्यता मोठी. १९०० चे असेल तर बहुधा कलेक्टरच.

१९२३ चा कायदा इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण निवडणुकीला खरा रंग त्यानंतर चढला. मतदारवर्ग रुंदावला, निवडून आलेल्यांचे प्रमाण वाढले, मुसलमानांसाठी राखीव जागा आल्या आणि अध्यक्षपदासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत चुरस सुरू झाली. याच वर्षी शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांच्या काळातला प्राथमिक शिक्षणाचा कायदाही झाला आणि शाळा बोर्डांच्या ताब्यात आल्या. शाळा आल्या म्हणजे मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या आल्या. एरवी रस्त्याच्या खडीत रस नसलेली माणसेही आता बोर्डाच्या निवडणुकीत उतरू लागली.

मत कुणाला होते?

प्रौढ मताधिकार येईपर्यंत मत जमिनीला आणि मालमत्तेला होते. माणूस त्यांच्या मागून येई. ठरावीक सारा भरणारा खातेदार मतदार होई. भूमिहीन मजूर, बहुसंख्य कुळे आणि बलुतेदार यादीबाहेर राहत. स्वतःच्या नावावर जमीन नसलेल्या बायका तर आपोआपच बाहेर.

कौन्सिलाच्या मतदारांशी तुलना केली तर चित्र कळेल. १९१९ च्या सुधारणांनंतर ग्रामीण मतदारसंघात कौन्सिलासाठी मत द्यायला साधारणपणे ३२ रुपये सारा असलेली जमीन लागे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ही अट १६ रुपयांची होती. १९३५ च्या कायद्याने ती ८ रुपयांवर आणली. बत्तीस रुपये सारा भरणारा माणूस त्या काळी गावात बोटांवर मोजण्याइतकाच. अशा यादीत ज्याचे नाव होते त्याचा वाडा आजही गावात ओळखू येतो.

ब्राह्मणेतर चळवळीने लोकल बोर्डे जिंकली असे म्हणतात. ते खरे आहे का?

साताऱ्यापुरते तरी याचे उत्तर ठामपणे हो असे आहे. सत्यशोधक समाजाची गावोगावची बांधणी, जलसे आणि शेतकरी कुटुंबांतून शिकून आलेली पहिली पिढी यांच्या जोरावर ब्राह्मणेतर पक्ष १९२० च्या दशकात तिथे उभा राहिला. सातारा जिल्ह्यातून कौन्सिलात निवडून आलेले भास्करराव जाधव १९२३ च्या निवडणुकीनंतर मंत्री झाले. साताऱ्याचे धनजीशा कूपर हे पारशी गृहस्थ ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी आणि जिल्हा लोकल बोर्डाच्या राजकारणातले वजनदार नाव. पुढे १९३७ मध्ये काँग्रेसने सुरुवातीला मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा १ एप्रिल ते १९ जुलै एवढ्या काळापुरते ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले. जिल्ह्याच्या राजकारणातला माणूस प्रांताच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत कसा पोचतो याचे हे लवकरचे उदाहरण.

पण एक गोष्ट विसरू नये. सत्ता वकील-इनामदारांकडून सधन शेतकऱ्यांकडे आली, एवढा बदल झाला आणि तो मोठा होता. गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत ती पोचली नाही.

अस्पृश्य समाजाचे काय?

निवडून येणे जवळजवळ अशक्य होते, कारण जमीन नाही म्हणून मत नाही आणि मत नाही म्हणून उमेदवाराला कुणी विचारत नाही. नेमणुकीने एखादी जागा मिळे आणि नेमलेला सभासद सरकारच्या मर्जीवर असे.

या काळातली सर्वांत मोठी घडामोड निवडणुकीच्या बाहेरची आहे. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. ही यादी पुन्हा वाचावी. लोकल बोर्डाच्या कामांची यादी ती हीच. बोर्डांनी अंमलबजावणीत चालढकल केली म्हणून बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे मानणार नाही त्याचे अनुदान रोखावे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला होता, पण चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कुणी घेऊ शकत नव्हते. मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यातून उभा राहिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा या दोन्ही मागण्या एकत्र का केल्या, ते लोकल बोर्डांचा हा अनुभव डोळ्यांपुढे ठेवला की लगेच समजते. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांनी हेच मांडले: नुसत्या प्रौढ मतदानाने गावात अल्पसंख्य असलेल्या अस्पृश्यांना संरक्षण मिळणार नाही.

तालुका लोकल बोर्डे कधी बंद झाली?

१९३८ मध्ये. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ती रद्द केली आणि जिल्हा बोर्डातली नेमणूक संपवून ते पूर्ण निवडलेले केले. त्याच सुमारास शाळांच्या कारभारात सरकारी प्रशासकीय अधिकारी आणून मास्तरांच्या बदल्यांवरचा बोर्डाच्या सभासदांचा हात आवळण्यात आला.

‘स्कूल बोर्डाचे चेअरमन’ आणि ‘लोकल बोर्डाचे अध्यक्ष’ एकच का?

नाही. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार जिल्हा स्कूल बोर्ड ही स्वतंत्र संस्था होती. तिचे बरेच सभासद लोकल बोर्डाचे सभासद निवडून देत, म्हणून नावे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

प्रौढ मताधिकार लोकल बोर्डाला कधी मिळाला?

१९५० च्या कायद्याने. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला मत मिळाले. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा गेल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या राहिल्या. यानंतर झालेली लोकल बोर्डाची निवडणूक ही ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखो भूमिहीन माणसांना आणि बायकांना स्थानिक संस्थेसाठी मत देण्याची पहिली संधी होती. १९५२ च्या लोकसभा-विधानसभा निवडणुकीचे कौतुक सगळे करतात. बोर्डाच्या या निवडणुकांच्या आठवणी कुणी नोंदवल्या नाहीत आणि ज्यांना त्या होत्या ती माणसे आता राहिलेली नाहीत.

विदर्भ, मराठवाडा आणि कोल्हापुरात हाच कायदा होता का?

नव्हता, आणि इथे बरेच अभ्यासक चुकतात. विदर्भ मध्यप्रांत–वऱ्हाडात होता. तिथे डिस्ट्रिक्ट कौन्सिले होती आणि १९४८ पासून त्यांच्या जागी तालुका पातळीवरच्या जनपद सभा आल्या. नागपूर किंवा अमरावतीकडच्या कुटुंबाने ‘लोकल बोर्ड’ शोधण्यापेक्षा ‘जनपद’ शोधावे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे लोकांनी निवडलेल्या जिल्हा बोर्डाचा कायदा हैदराबाद राज्याच्या अखेरच्या काळात झाला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे तिथल्या जिल्हा लोकल बोर्डाची कहाणी त्यानंतरची.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तिथल्या बोर्डाची कागदपत्रे मुंबई सरकारच्या दप्तरात सापडतात, हे सीमाभागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

माझ्या जिल्ह्याच्या नावाने बोर्डच सापडत नाही. का?

जिल्ह्याचे नाव किंवा हद्द बदलली असेल. खानदेशचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचे जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे आणि नंदुरबार. साताऱ्याचे १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण असे भाग पडले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होते. सिंधुदुर्गचे लोकल बोर्ड कधीच नव्हते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला. पालघरसाठी ठाणे पाहावे.

निकालांत पक्षांची नावे का दिसत नाहीत?

कारण बहुतेक लढती माणसांच्या होत्या. भावकी, गावकी, जात, सावकारी, तालुक्यातले दोन गट यांच्या हिशेबाने पॅनेल बने आणि अध्यक्षाच्या निवडीच्या वेळी ते मोडे. आडनावावरून पक्ष ठरवण्याचा मोह फार होतो, तो टाळावा. एकच माणूस १९२७ मध्ये ब्राह्मणेतर पक्षात आणि दहा वर्षांनी काँग्रेसमध्ये असणे हे त्या पिढीत सर्रास घडले. केशवराव जेधे यांचा प्रवासच पाहा.

लोकल बोर्डे संपली कशी?

महाराष्ट्र राज्य झाल्यावर जून १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. तिचा अहवाल मार्च १९६१ मध्ये आला. पंचायत राज्याची रचना सुचवणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुका-गटाच्या संस्थेवर भर दिला होता. नाईक समितीने वजन जिल्ह्यावर टाकले. जिल्हा परिषदेचे सदस्य थेट निवडून यावेत, आमदार-खासदार आणि कलेक्टर तिच्याबाहेर असावेत, असे तिने सुचवले. त्यानुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून तो अमलात आला. बृहन्मुंबई वगळून २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा आल्या. लोकल बोर्डे, स्कूल बोर्डे आणि जनपद सभा त्यांत विरघळल्या.

जिल्ह्यावर एवढा विश्वास का टाकला, याचे एक कारण मला लोकल बोर्डांत दिसते. जिल्हा पातळीवर निवडणूक लढवण्याची, अंदाजपत्रक वाचण्याची आणि अध्यक्ष पाडण्याची सवय इथल्या पुढाऱ्यांना चाळीस वर्षांची होती.

त्यानंतरच्या निवडणुका कधी झाल्या?

१९६२, १९६७, १९७२ आणि १९७९. मग थेट १९९२. मधली तेरा वर्षे मतदाराला विचारलेच गेले नाही. पंचायत संस्थांना आणि त्यांच्या निवडणुकांना घटनेचा आधार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पुढच्या वर्षी राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आला. ज्यांना ही घटनादुरुस्ती कोरडी वाटते त्यांनी ही तेरा वर्षे आठवावीत.

आमच्या घरातला मेंबर कोणत्या साली होता हे कुठे शोधावे?

आधी घरात: बोर्डाच्या शिक्क्याची पत्रे, मानपत्रे, शाळेच्या किंवा विहिरीच्या कोनशिलेचा फोटो. कोनशिलेवर अध्यक्षाचे नाव आणि साल बहुधा एकत्र असते. मग मुंबई सरकारचे राजपत्र पाहावे. निवडणुका आणि नेमणुका यांच्या अधिसूचना त्यात छापल्या जात. त्याच्या जुन्या फायली आणि स्थानिक स्वराज्य खात्याचे दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मागावे. पुणे आणि कोल्हापूर इथेही पुराभिलेखागारे आहेत. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘विजयी मराठा’ आणि ‘दीनमित्र’ यांचे अंक बाजूबाजूला ठेवून वाचावेत; एकाच लढतीची दोन वेगळी वर्णने त्यांत मिळतात. शेवटी जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा आणि अर्जात ‘जिल्हा लोकल बोर्ड सभा इतिवृत्त’ असे स्पष्ट लिहून साल घालावे. नुसते ‘जुने रेकॉर्ड’ असे लिहिले तर शोधणाऱ्या कारकुनाला कोणते बासन सोडायचे ते कळत नाही.